कोऱ्या कागदावरची मोहोर

बिदर शहरात चौबाऱ्याकडून किल्ल्याच्या दिशेने चालू लागले म्हणजे वाटेत एक भव्य पण भग्न इमारत लागते. तिचा एकच मिनार आज उभा आहे आणि त्याच्या अंगावर जुन्या रंगीत नक्षीचे काही तुकडे अजून तग धरून आहेत. १४७२ साली ही पाठशाळा उभी राहिली. १६९६ मध्ये, मोगल अमदानीत, आत साठविलेल्या तोफेच्या दारूचा स्फोट होऊन तिचा मोठा भाग कोसळला. ती बांधणारा पुरुष म्हणजे बहमनी राज्याचा वजीर ख्वाजा महमूद गावान. प्रवासी इमारत पाहतात, त्याच्या विद्येचे कौतुक करतात आणि परततात. तो मेला कसा, हे विचारण्याच्या भरीस फारसे कोणी पडत नाही. आज घरोघरी मोबाइलवरून पैशांचे जे देणेघेणे चालते त्याच्या सुरक्षिततेविषयी बोलण्यास मी उभा आहे, आणि त्यासाठी या वजिराच्या मृत्यूइतके बोलके उदाहरण मला दुसरे आढळत नाही.

गावान इराणातील गीलान प्रांतातून १४५३ च्या सुमारास व्यापारी म्हणून बिदरला आला आणि पुढे राज्याचा सर्वाधिकारी झाला. त्याने चार तरफांच्या आठ तरफा केल्या, जमिनीची मोजणी सुरू केली आणि तरफदारांच्या हाती असलेले किल्ले काढून घेऊन प्रत्येकाकडे एकेकच ठेवला. असे करणाऱ्याला शत्रू न होतील तरच नवल. या शत्रूंनी त्याच्यावर तलवार उपसली नाही. त्यांनी त्याच्या मोहोरदाराशी, म्हणजे त्याची मुद्रा सांभाळणाऱ्या सेवकाशी, मैत्री जोडली. एके दिवशी तो मद्याच्या अंमलात असताना त्याच्यापुढे घडी घातलेला एक कागद ठेवण्यात आला. आमच्या एका स्नेह्याच्या हिशेबाचा हा कागद आहे, इतर कचेऱ्यांच्या मोहरा त्यावर उमटल्याच आहेत, तेवढी वजिराची राहिली आहे, असे त्याला सांगण्यात आले. त्याने घडी उलगडलीही नाही. दाखविलेल्या जागी मोहोर उमटविली. कागद आतून कोरा होता.

पुढचा भाग कोणीही ओळखू शकेल. त्या कोऱ्या कागदावर ओरिसाच्या राजाला उद्देशून राजद्रोहाचे पत्र लिहिण्यात आले आणि ते सुलतान तिसऱ्या महंमदशहाच्या हाती पडेल अशी व्यवस्था झाली. सुलतानाने गावानला बोलावून विचारले, की आमचा एखादा सेवक बेइमान निघाला तर त्यास शिक्षा कोणती? वजीर म्हणाला, मृत्यू. तेव्हा पत्र पुढे करण्यात आले. मोहोर माझी आहे, मजकूर माझा नाही, एवढेच गावान सांगू शकला. ५ एप्रिल १४८१ रोजी, आंध्रातील कोंडापल्लीच्या छावणीत, सत्तरी ओलांडलेल्या त्या वृद्धाचे मस्तक उडविण्यात आले. ही हकीकत शतकाहून अधिक काळाने लिहिणाऱ्या फिरिश्ता या इतिहासकाराने दिली आहे. संवादाचे शब्द त्याचे असतील, परंतु खोट्या पत्रावरून वजिराचा वध झाला याविषयी इतिहासकारांत दुमत नाही. दैवाचा खेळ असा, की पत्रलेखन कसे करावे यावर या गावानाने एक ग्रंथ लिहिला होता, आणि त्याच्या स्वतःच्या पत्रांचा संग्रहही आज उपलब्ध आहे. पत्रे लिहिण्यात पारंगत असलेला माणूस न लिहिलेल्या पत्राने मारला गेला.

आता हा प्रसंग जरा निरखून पाहावा. कोणी कुलूप फोडले नाही, कोणी मुद्रेची नक्कलही केली नाही. मोहोर अस्सल होती, ती उमटविणारा हातही अधिकाराचा होता. केवळ ती कशावर उमटते आहे हे त्या हाताला ठाऊक नव्हते. आपल्या मोबाइलवर येणारा ओटीपी किंवा व्यवहारासाठी आपण टाकतो तो पिन ही आपली मोहोर होय. बँकेच्या यंत्राला आपला चेहरा दिसत नाही, स्वर ऐकू येत नाही; त्याला मोहोर तेवढी दिसते. आज खात्यातून जे पैसे जातात त्यांपैकी किती तरी प्रकरणांत बँकेची तिजोरी फुटलेली नसते. फोनवरचा माणूस म्हणतो, आपले कागद तपासून पूर्ण झाले आहेत, तेवढा एक क्रमांक सांगा. इतर मोहरा उमटल्याच आहेत, तुमचीच राहिली आहे, हेच ते वाक्य. पाच शतकांत त्यात काडीचाही फरक पडलेला नाही. कोणी सांगतो, तुम्हाला पैसे पाठवितो आहे, ते घेण्यासाठी पिन टाका. वास्तविक पैसे घेण्याला पिन लागतच नाही. पिन ही देण्याचीच मोहोर आहे. एवढी एक गोष्ट जरी घरातल्या सर्वांनी पक्की ध्यानात ठेवली तरी पुष्कळ अनर्थ टळेल.

परंतु सावधगिरीच्या सूचना आपण नित्य ऐकतो आणि त्या देऊन मोकळे होणे मला पुरेसे वाटत नाही. मला अधिक महत्त्वाचा वाटतो तो दुसरा प्रश्न. मोहोर अस्सल आहे, पण ती कपटाने मिळविलेली आहे. अशा वेळी नुकसान कोणी सोसावयाचे? सुलतानाने हा प्रश्न स्वतःला विचारलाच नाही. मोहोर तुझी, तेव्हा अपराधही तुझा, एवढाच त्याचा न्याय. आणि आश्चर्य असे, की हा प्रश्न आजच्या बिदर जिल्ह्यातच, गावानच्या सुमारे चार शतके आधी, फार बारकाईने विचारला गेला होता.

बिदरच्या पश्चिमेस बसवकल्याण आहे. तेच चालुक्यांचे कल्याण. तेथे सहाव्या विक्रमादित्याच्या राजवटीत, म्हणजे १०७६ ते ११२६ या काळात, विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर मिताक्षरा ही टीका लिहिली. वारसाहक्काच्या वादांमुळे वकिलांच्या तोंडी तिचे नाव आजही असते. पण ऋण, ठेव आणि लेख यांविषयीची तिची प्रकरणे सामान्य वाचकाने पाहण्यासारखी आहेत. उपनिधी म्हणजे आत काय आहे हे न सांगता मोहोर करून दुसऱ्याकडे ठेवलेली पेटी. ती जशीच्या तशी परत करावी. मात्र राजा, दैव किंवा चोर यांनी ती नेली तर ठेवून घेणाऱ्यावर भार नाही. ऋणकोने पैसे फेडताना ते लेखाच्या पाठीवर नोंदवून घ्यावे, आणि पुरे फिटल्यावर लेख फाडून टाकावा किंवा पावती घ्यावी. पुढचा नियम आपल्या विषयाचा गाभाच आहे. माणसाने स्वतःच्या हाताने लिहिलेला लेख साक्षीदारांवाचूनही प्रमाण मानावा; परंतु तो बळाने किंवा कपटाने करवून घेतलेला असेल तर मानू नये. या कपटात विज्ञानेश्वर लोभ, भय, मद यांचाही समावेश करतो. मद म्हटले की गावानचा मोहोरदार डोळ्यांपुढे येतो. लोभ म्हटले की बक्षिसाच्या सोडतीचा निरोप. आणि भय म्हटले की, पोलिसाचा गणवेश चढवून मोबाइलच्या पडद्यावर प्रकटणारा, तुम्हाला 'डिजिटल अटक' झाली आहे असे धमकावून वृद्धांना तासन्‌तास खोलीत बसवून ठेवणारा आजचा भामटा. आपल्या कायद्यात अशी अटक अस्तित्वातच नाही, हे सरकारने वारंवार जाहीर केले आहे.

हस्ताक्षर खरे आहे का, एवढे विचारून विज्ञानेश्वर थांबत नाही. ते कसे मिळविले गेले हेही तो विचारतो. हाच भेद पुढे आपल्याकडे पुन्हा एकदा कायद्यात आणावा लागला, आणि तो आणण्याआधी दंगे व्हावे लागले. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे कुणब्यांनी सावकारांच्या दुकानांवर चाल केली आणि गावोगाव कर्जरोखे हिसकावून जाळले. रोख्यावर अंगठा असे, आणि दिवाणी न्यायालय अंगठा पाहून निकाल देई. काय लिहिले आहे हे अंगठा देणाऱ्याला वाचता येत नसे. त्यातून १८७९ चा दख्खनच्या शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा आला. पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांत न्यायाधीशाने रोख्याच्या मागे जाऊन मूळ व्यवहाराचा इतिहास तपासावा, असे त्याने ठरविले. शेतकऱ्याचा दस्तऐवज गावच्या निबंधकापुढेच व्हावा, त्याला पावती मिळावी, मागितल्यास हिशेबाची वही मिळावी, या तरतुदीही त्यात होत्या. त्या कायद्याचे यश मर्यादित होते, याची मला जाणीव आहे; पण अंगठा म्हणजे संमती नव्हे हे तत्त्व त्याने मान्य केले, ते लहान नव्हे.

सोलापूरची हद्द ओलांडून निजामाच्या मुलखात आले की हा कायदा संपे. आळंद, भालकी, औराद, कल्याण या भागांतला मराठी बोलणारा शेतकरी त्या काळी दोन अनोळखी लिप्यांच्या मध्ये उभा असे. कचेरीचा कागद उर्दूत, सावकाराची वही मोडीत. बाजारात नाणीही दोन, निजामाची हाली आणि इंग्रजांची कलदार. सुमारे सात हाली रुपयांना सहा कलदार हा भाव, आणि तो ज्याला ठाऊक नाही त्याच्या पदरी बट्टा. १९५६ च्या पुनर्रचनेत उदगीर, निलंगा, अहमदपूर मराठी मुलखात गेले. बिदर, भालकी, हुमनाबाद, औराद त्या वेळच्या म्हैसूर राज्यात राहिले. हाली नाणे १९५९ पर्यंत चालले. १९४१ च्या कायद्याने निघालेली हैदराबाद स्टेट बँक १९५६ मध्ये स्टेट बँक ऑफ हैदराबाद झाली, आणि १ एप्रिल २०१७ रोजी भारतीय स्टेट बँकेत विलीन झाली. एवढ्या उलथापालथी पाहिलेल्या घरात आजोबांच्या मोबाइलवर इंग्रजीत बँकेचा संदेश येतो. आजोबांना मराठी वाचता येते, कानडी समजते, दख्खनी बोलता येते. इंग्रजी येत नाही. ते तो शेजारच्या मुलाला दाखवितात, किंवा फोनवरच्या गोडबोल्यालाच वाचून दाखवितात. घडी न उलगडता मोहोर उमटविणारा तो मोहोरदार निदान शुद्धीवर आल्यावर तरी कागद वाचू शकला असता. येथे तीही सोय नाही. संदेश खातेदाराच्या भाषेत यावा ही मागणी सीमाभागात भाषेच्या अभिमानाची म्हणून ऐकली जाते. माझ्या मते ती आधी सुरक्षिततेची मागणी आहे.

कायद्याची आजची स्थिती समजण्यासाठी एक गोष्ट आधी स्पष्ट केली पाहिजे. बँकेतले आपले पैसे हे मोहोरबंद पेटीसारखे, आपल्या नावाने कोठे वेगळे पडून राहत नाहीत. ते बँकेचे होतात आणि बँक आपली ऋणको होते. म्हणून खोट्या सहीच्या धनादेशावर बँकेने पैसे दिले तर ते तिने स्वतःचे दिले, खातेदाराचे नव्हेत. सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये कॅनरा बँकेच्या एका खटल्यात हेच सांगितले. खातेदाराने हिशेबाचे उतारे वेळेवर तपासले नाहीत ही बँकेची सबब त्याने मानली नाही. नकली सहीबाबत न्याय असा स्वच्छ आहे. अस्सल मोहोर कपटाने मिळविली गेली की मात्र गुंता होतो.

रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ रोजी यासंबंधी परिपत्रक काढले, आणि त्याच वर्षी डिसेंबरात सहकारी बँकांसाठीही. बँकेची चूक असेल तर खातेदारावर भार नाही. दोष दोघांचाही नसून तिसऱ्याचा असेल आणि खातेदाराने बँकेचा निरोप मिळाल्यापासून कामाच्या तीन दिवसांत कळविले तर त्याला काही सोसावे लागू नये. चार ते सात दिवसांत कळविले तर मर्यादित रक्कम सोसावी. तक्रार आल्यावर कामाच्या दहा दिवसांत रक्कम तात्पुरती जमा करावी. आणि सर्वांत मोलाचे म्हणजे, दोष खातेदाराचा होता हे सिद्ध करण्याचा भार बँकेवर. येथपर्यंत हा न्याय सुलतानापेक्षा विज्ञानेश्वराच्या जवळचा आहे. परंतु त्याच परिपत्रकात आणखी एक कलम होते. खातेदाराने आपला गुप्त क्रमांक दुसऱ्यास सांगितला असेल तर ती निष्काळजी समजावी, आणि बँकेला कळविण्याच्या क्षणापर्यंतचे सारे नुकसान त्याचे. कळविल्यानंतरचे मात्र बँकेचे.

बँकेची बाजूही ऐकली पाहिजे. कपट करणारा तिसराच असतो. बँकेने समोर आलेली अस्सल खूण पाहून प्रामाणिकपणे पैसे दिलेले असतात. प्रत्येक खातेदाराने मागाहून 'मला फसविले' म्हणावे आणि बँकेने भरावे, तर खोटे बोलणाऱ्यांचाही सुकाळ होईल. हे खरे आहे. तरीही भीतीने गांगरलेल्या वृद्धेने सांगितलेला क्रमांक आणि बेफिकिरीने चारचौघांत बोललेला क्रमांक यांना एकाच मापाने मोजणे मला पटत नाही. भ्यालेल्या आणि पीडिताच्या हातून घडलेला व्यवहार सिद्ध होत नाही, हे याज्ञवल्क्याने वेगळे सांगितले, ते उगाच नव्हे. शिवाय आयुष्यभरात कधी एवढी रक्कम न पाठविणाऱ्या खात्यातून एका दुपारी सारी शिल्लक अनोळखी खात्यात जाते, तेव्हा जुन्या पेढीवरचा मुनीम हुंडी हातात घेऊन क्षणभर थांबला असता. शहाजोग हुंडीचे पैसे बाजारात पत असलेल्या ओळखीच्या इसमालाच मिळत. हुंडी हरवली तर तिची पेठ निघे, पेठही हरवली तर परपेठ. पण प्रत्येक वेळी माणूस माणसाला विचारी. यंत्राला तसे थांबण्यास शिकविता येत नाही असे थोडेच आहे?

तोपर्यंत आपल्या घरची व्यवस्था आपणच लावली पाहिजे, आणि येथे पुन्हा गावान उपयोगी पडतो. त्याच्या वधानंतर सुलतानाने त्याच्या खजिनदारास बोलावून वजिराची अपार संपत्ती कोठे आहे, असे विचारले. खजिनदाराने सांगितले की दोन खजिने आहेत. एक राजाचा, ज्यातून सैन्य आणि घोडे पोसले जात; दुसरा गरिबांचा. वजिराचा स्वतःचा खर्च या दोहोंतून होत नसे. मायदेशाहून आणलेल्या भांडवलावर तो व्यापार करी आणि त्याच्या नफ्यातून रोजची ठरावीक, अगदी थोडी रक्कम स्वयंपाकघरासाठी घेई. पैशांची सरमिसळ न करणे हा त्याचा बाणा होता. आपणही दोन खाती ठेवावीत. एकात महिन्याच्या किराणा, भाजी, वीजबिल यांपुरतेच पैसे, आणि मोबाइलवरचे देणेघेणे फक्त त्याच खात्याशी जोडलेले. निवृत्तीची, लग्नकार्याची, पेरणीची रक्कम दुसऱ्या खात्यात, मोबाइलपासून दूर. तेथून पैसे काढायचे तर शाखेत जावे लागेल इतके ते गैरसोयीचे असले तरी बिघडत नाही. ही गैरसोयच तेथे पहारा करते. कार्डावरचे ऑनलाइन आणि परदेशातले व्यवहार बंद ठेवण्याची, रकमेची मर्यादा घालण्याची सोय रिझर्व्ह बँकेच्या आदेशाने २०२० पासून मिळाली आहे; ती बहुतेकांनी वापरलेली नसते. ठेवींच्या विम्याविषयीही एक गैरसमज आहे. १९६२ पासून चालत आलेला आणि ४ फेब्रुवारी २०२० पासून पाच लाखांपर्यंत वाढविलेला हा विमा बँक बुडाली तर उपयोगी. खात्यातून चोरी झाली तर त्याचा संबंध नाही.

आणि रोजकीर्द लिहावी. आपल्या आया पोळपाट बाजूला ठेवून वहीत दुधाचा आणि वाण्याचा हिशेब मांडीत, तशी. आठवड्यातून एकदा वही आणि खाते ताडून पाहिले म्हणजे चोरटी रक्कम लहान असतानाच सापडते. पावतीचे महत्त्व तर या मुलखाला देवाने शिकविले आहे. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी दुष्काळात बिदरच्या बादशहाची धान्याची कोठारे लोकांना खुली केली, तेव्हा विठू महाराच्या रूपाने पांडुरंग बिदरला गेला आणि धान्याची किंमत चुकती केली, ही महिपतींनी सांगितलेली कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो. ती इतिहासाच्या कसोटीला लावण्याचे कारण नाही. पण तिच्यात देवसुद्धा पैसे भरून तसाच निघाला नाही. बादशहाची पावती घेतली आणि ती दामाजीपंतांच्या पोथीत नेऊन ठेवली.

इतके करूनही घात झाला तर लाजेने गप्प बसू नये. १९३० हा क्रमांक देशभर आहे. तेथे आणि आपल्या बँकेत लगेच कळविले तर रक्कम पुढच्या खात्यातून निघून जाण्यापूर्वी अडविली जाऊ शकते. तक्रारीचा क्रमांक आणि वेळ कागदावर लिहून ठेवावी, कारण जबाबदारी कोणाकडे जाते हे त्या वेळेवर ठरत आले आहे. घरातल्या मुलांनी आईवडिलांना 'तुम्ही सांगितलाच कसा?' असे विचारण्याआधी फोन उचलावा. त्या प्रश्नाला घाबरूनच पुष्कळ वृद्ध माणसे रात्र काढतात, आणि पैसे त्या रात्रीतच जातात.

महंमदशहालाही सत्य कळले, पण उशिरा. त्याने पश्चात्ताप केला, वजिराचे शव मानाने बिदरला पाठविले, आणि वर्षभरात, १४८२ मध्ये, तो स्वतः मरण पावला. पुढच्या काही वर्षांत एकेक तरफदार स्वतंत्र झाला आणि बहमनी राज्याची शकले झाली. मदरसा पाहायला येणाऱ्यांपैकी थोडेच शहराबाहेर गावानच्या कबरीपर्यंत जातात. ती अगदी साधी आहे. तिच्यावर घुमट नाही.